गुऱ्हाळात हिवाळा काढलेली झाडं

फराळाचं ताट मांडीवर घेऊन हा अंक वाचत असाल, तर आधी एक काम करा. घरात मनीप्लांट असेल, रबराचं झाड असेल, गॅलरीत तुळस असेल, तर तिच्याजवळचा पाण्याचा तांब्या उचला आणि मोरीत नेऊन ठेवा. मग निवांत वाचा. आकाशकंदील उतरला की आमचा हंगाम सुरू होतो. त्या हंगामात झाडं थंडीनं कमी आणि मायेनं जास्त मरतात, हे सांगायलाच मी बसलेय.

मी शाळा सोडली सातवीत. त्यामुळे लेख लिहा म्हणून निरोप आला तेव्हा आधी नाहीच म्हटलं. पण विषय झाडांच्या हिवाळ्याचा आहे म्हटल्यावर हात शिवशिवायला लागले. ह्या विषयावर मला कुणी बोलायला लावलं की समोरच्याचा चहा गार होतो, असं आमच्या घरात म्हणतात.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राकाठी. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे एक चादर जास्त. लग्न होऊन नव्वदच्या दशकात कोल्हापूरला आले, कारण ह्यांना इथल्या फौंड्रीत काम लागलं होतं. पहिल्याच मार्गशीर्षात टाचा फुटल्या, ओठांतून रक्त आलं. लोक म्हणायचे, अगं ही कसली थंडी, बर्फ पडतो का इथं? बर्फ पडत नाही हे खरं. पण इथं उगवतीकडून एक वारं सुटतं. कोरडं, बारीक, चोरपावलांनी येणारं. ते माणसाच्या ओठातलं आणि झाडाच्या पानातलं पाणी एकाच वेळी शोषून घेतं. मला ते माझ्या ओठांवरून कळलं. झाडांचं नंतर शिकले.

कळंब्याच्या बाजूला एक नर्सरी होती. मी रोज तिच्या कुंपणाशी उभी राहायची, कारण आतल्या पत्र्याच्या शेडमध्ये लालभडक अँथुरियम दिसायची. ते फूल पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. हृदयासारखं लाल, तकतकीत, रंग लावून पॉलिश केल्यासारखं, आणि मधून एक पिवळी वात बाहेर आलेली. माझ्या गावी शेजारणीच्या परसात, माडाच्या सावलीत ती होती. इथं मी त्यांच्याकडे बघत उभी राहायची, माहेरचं माणूस दिसल्यासारखी.

एक दिवस आतून खणखणीत आवाज आला. "काय पावणं, घ्याचं हाय का नुसतंच बगायचं?"

मी घाबरून म्हटलं, "नुसतंच बघायचं."

"मग आत येऊन बग की! भाईर गार वारं हाय."

त्या शमीमभाभी. नर्सरी त्यांची. चाचा, म्हणजे त्यांचे यजमान, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात असायचे आणि झाडांच्या भानगडीत पडायचे नाहीत. मी आत गेले ती आजतागायत बाहेर आलेली नाही. मला कुंड्यांवरची इंग्रजी नावं वाचता येत नव्हती. भाभी म्हणाल्या, "झाडाला तरी कुठं येत्यात?" आणि मला कामावर घेतलं. त्या एका वाक्याचे उपकार मी आयुष्यभर फेडतेय आणि ते फिटत नाहीत.

त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. "ए कोकण!" एवढंच. पहिल्या आठवड्यात मी झारी घेऊन शेडभर फिरत होते, सगळ्यांना पोटभर पाणी पाजत. भाभी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ए कोकण, झाड हाय का म्हस? किती पाजशील?"

"पानं मलूल दिसतात हो भाभी. तहानली असतील."

"बोट घाल."

"कुठे?"

"माझ्या डोळ्यात! अगं, मातीत घाल की!"

मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घातलं. आत ओलं, गारढोण. हा माझा पहिला धडा, आणि खरं सांगायचं तर ह्या धंद्यातला अर्धा धंदा एवढाच आहे. थंडीत झाड निजतं. वाढ थांबते, मुळं पाणी ओढत नाहीत. आपण घातलेलं पाणी कुंडीत तसंच थंड बसून राहतं आणि मुळं कुजतात. मुळं कुजली की पान मान टाकतं. घरधनीण म्हणते, अगंबाई, तहानलं वाटतं, आणि आणखी एक तांब्या ओतते. म्हणून बोट. वरची माती कोरडी दिसली तरी बोट खोटं बोलत नाही. आत कोरडं लागलं तरच पाणी, तेही ऊन वर आल्यावर, उन्हात ठेवलेल्या पिंपातलं, थोडंच.

बाकीचं काम म्हणजे उन्हाच्या मागं कुंड्या घेऊन हिंडायचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकतो. पावसाळ्यात ज्या खिडकीत झाड खुशीत होतं, तिथं आता उजेडच येत नाही. संध्याकाळी उगवतीच्या बाजूला गोणपाट बांधायचं, सकाळी सोडायचं. हे सोडायचं जे आहे, ते लोक विसरतात. एका बाईंनी क्रोटनला शाल गुंडाळली ती संक्रांतीपर्यंत काढलीच नाही. शाल सोडली तेव्हा आत काठ्या. त्या रडायला लागल्या, "मी तर माझी चांगली शाल दिली हो त्याला!" अशांना काय बोलणार? मी त्यांच्याबरोबर थोडं रडून घेतलं आणि दुसरं क्रोटन दिलं.

मार्गशीर्षातले गुरुवार हे आमचं मोठं संकट. कलशात पाच प्रकारची पानं लागतात, आणि घरोघरच्या बायका बुधवारी संध्याकाळी आपल्याच कुंड्यांतल्या झाडांच्या फांद्या मोडतात. ऐन निजेच्या वेळी झाडाचा हात मोडायचा, आणि तो भरून यायला फाल्गुन उजाडायचा. भाभींनी त्यावर तोड काढली होती. दर बुधवारी आंबा, पेरू, चिकू, अशोक, डाळिंब अशा आमच्या बांधावरच्या दणकट झाडांच्या डहाळ्या कापायच्या, जुड्या बांधायच्या आणि दारात बादलीत ठेवायच्या. "न्या गं बायांनो, लक्ष्मीला द्या. पर घरातल्या झाडाला हात लावला तर माझ्याशी गाठ हाय." डोक्यावरचा पदर सावरत भाभी महालक्ष्मीच्या व्रताच्या जुड्या बांधत बसायच्या, आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

आता आबा वस्तादांबद्दल सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावाचून उभी राहत नाही.

वस्ताद म्हणजे एका पेठेतल्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारे. स्वतः जुने पैलवान. कान मोडून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. गडहिंग्लजला दिलेल्या लेकीनं त्यांना रबराचं झाड आणून दिलं होतं. एका थंडीत वस्ताद ते झाड दोन्ही हातांत तान्ह्या मुलासारखं घेऊन रिक्षातून उतरले. झाडाच्या आधी वास आला. नासलेल्या दुधाचा.

"ताई, बगा जरा. खुराक चालू हाय तरी वाळत चाललंय."

"खुराक म्हणजे?"

"दूध. बदामाची थंडाई केली की राहिलेला चोथा. आणि रविवारी थोडं तूप."

माझ्या हातातली खुरपी पडली. मागून भाभी म्हणाल्या, "या अल्ला, वस्ताद, झाड फडात उतरवायचं हाय का काय?"

वस्ताद गंभीर. "थंडीतच अंग भरतं, भाभी. आमची पोरं थंडीत खात्यात तेच वर्षभर पुरतं. मग म्हटलं, ह्येला का उपाशी ठेवायचं?"

मी झाड कुंडीतून काढलं. मुळांना पांढरी बुरशी आणि मुंग्यांचं वारूळच्या वारूळ. कुजकी मुळं छाटली, धुतली. आता नवी माती भरायची तर वस्तादांनी रिक्षातून पोतं आणलं. तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली लाल माती. तेल, ताक, हळद घालून मळलेली.

"ही भरा. ह्या मातीत पैलवान उगवत्यात, झाड का न्हाय उगवणार?"

त्या माणसाचा चेहरा बघून नाही म्हणवेना. पण ती माती लोण्यासारखी मऊ, भिजली की दगड होणारी, मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. मी वाळू, पालापाचोळ्याचं खत, विटांचा चुरा असं भरलं आणि वर, फक्त वर, मूठभर तालमीची माती भुरभुरवली. म्हटलं, "वस्ताद, पैलवान थंडीत खातो, झाड थंडीत निजतं. निजलेल्याच्या तोंडात कोण दूध ओततं?"

त्यांनी वाकून झाडाकडे बघितलं. "म्हंजे लंगोट सोडून झोपलंय म्हणा की."

"तसंच."

"मग झोपू द्या." आणि झाडाला त्यांनी हळूच थोपटलं. होळीला त्या झाडाला तांबडी लुसलुशीत टोकं फुटली. वस्ताद तालमीतली पोरं घेऊन आम्हाला पेढे द्यायला आले. तेव्हापासून ते मला "झाडांचा वस्ताद" म्हणायचे आणि मी लाजून मेले तरी ऐकायचे नाहीत.

दोन हजारनंतरची ती काही वर्षं. मुसलमानी महिने मागं मागं सरकतात, तसा हज तेव्हा भर थंडीत यायला लागला होता. भाभी आणि चाचांचा नंबर लागला. महिना-सव्वा महिना दोघं नसणार, आणि नर्सरी माझ्यावर. पोट भरायला, ऊठसूट सल्ला विचारायला ज्यांच्याकडे मी बघत होते, त्याच निघाल्या. मला धड झोप येईना. हे म्हणायचे, "झाडं पळून जाणार आहेत का?" मी म्हणायची, "पळून गेली असती तर शोधून आणली असती. मेली तर काय करू?"

हजला जायच्या आधी माणूस सगळ्यांची माफी मागून जातो. भाभी गल्लीत दारोदार गेल्या. मग नर्सरीत आल्या, माझे दोन्ही हात धरले. "लई बोलतो मी तुला, कोकण. चुकलंमाकलं माफ कर." मी घळाघळा रडले. मग त्या अँथुरियमच्या शेडमध्ये गेल्या. तिथं मागच्या बाजूला त्यांची जुनी झाडं होती. त्यांना आम्ही "आया" म्हणायचो. कारण दरवर्षी त्यांच्या बुडाशी पिल्लं फुटायची, ती वेगळी करून विकायची, आणि त्यावर नर्सरी चालायची. पहिली आई भाभींनी लग्नानंतर गोव्याकडून एसटीतून मांडीवर आणली होती. भाभी तिच्यासमोर उभ्या राहून पुटपुटल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"ह्या आयांच्या जिवावर आपण हाओत. परत आल्यावर पयल्यांदा ह्यास्नी बगणार, मग घरात पाय ठेवणार. समजलं?"

समजलं. जरा जास्तच समजलं.

नाताळच्या सुमारास वारं सुटलं. शेडच्या उगवतीच्या बाजूला जाड प्लॅस्टिक होतं, उन्हानं जुनं झालेलं. एका दुपारी ते फाडकन उभं फाटलं आणि पतंगासारखं उडून शेजारच्या उसात पडलं. नवं प्लॅस्टिक पुण्याहून मागवायचं, यायला आठवडा तरी लागणार. मी गोणपाटं बांधली, उसाचं पाचट रचलं, घरातल्या चादरी आणल्या. सकाळी बघते तर बाहेरच्या ओळीतल्या पानांच्या कडा काळ्या, उकडून काढल्यासारख्या. अँथुरियम हा आमच्यासारखाच घाटाखालचा जीव आहे. ऊब हवी आणि दमट हवा. इथं गारठाही होता आणि कोरडंही. आणखी दोन-तीन पहाटा अशा गेल्या की आया संपल्या.

मी शेडमध्ये डोकं धरून बसले असताना वस्ताद आले. रबराचं झाड दाखवायला आणलं होतं, म्हणजे त्याची तब्येत उत्तम आहे हे दाखवायला.

"काय झालं, झाडांचे वस्ताद?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत पानांच्या काळ्या कडांवरून बोट फिरवत होते.

"ऊब पायजे न्हवं? दिवसरात पेटलेलं घर पायजे?" ते म्हणाले. "मग गुऱ्हाळात न्या की!"

दिनकरतात्यांचं गुऱ्हाळ तिथून जवळच. तात्या वस्तादांच्या तालमीतले जुने पैलवान. थंडीत गुऱ्हाळ अखंड चालतं. जमिनीखालच्या मोठ्या चुलीत चिपाडं ढकलत राहायची, वर काईल म्हणजे खोलीएवढी कढई, तिच्यात उसाचा रस रटरटत असतो. मी कोल्हापुरात इतकी वर्षं राहून काकवी खायला तिथं गेले होते, पण हे डोक्यात आलं नव्हतं. मला असा आनंद झाला की मी उभ्या उभ्या टाळी वाजवली.

तासाभरात तालमीतली पोरं आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचट अंथरलं, त्यावर कुंड्या, त्यावर घोंगडी. एकेक पैलवान दोन-दोन कुंड्या काखेत मारून पळायला लागला तसा माझा जीव वर-खाली. "अहो सावकाश! पान मोडेल!" वस्ताद ओरडले, "अरे, बैलं हायसा का? बाळंतिणी हायत त्या!"

तात्या दारात उभे. "वस्ताद, ऊस आणलाय म्हणालासा!"

"पावण्या आणल्यात. आठवडाभर राहतील. चहापाणी लागत न्हाय."

गुऱ्हाळात पाऊल टाकलं आणि मी थबकलेच. वाफ. कपाळावर घाम. चिकट, गोड, दमट, गरम हवा. डोळे मिटले तर माझ्या गावचा ओटा, पावसाळ्याच्या आधीची दुपार. कोल्हापुरात आल्यापासून पहिल्यांदा थंडीत मला घाम आला. मी तिथंच पाचटावर बसून राहिले, आणि आयांची पानं दुसऱ्या दिवशी सकाळी अशी ताठ उभी राहिली की बघत राहावं! एका आईला कळी आली. ऐन थंडीत! मी तात्यांना हाताला धरून दाखवायला नेलं. काईल ढवळून गूळ करणाऱ्या गुळव्याला दाखवलं. रस प्यायला आलेल्या अनोळखी माणसांना दाखवलं. भिंतीशी ओळीनं लाल फुलं बघून एक जण म्हणाला, "तात्या, गुऱ्हाळ हाय का कुणाचं लगीन?"

त्याच दिवशी दुपारी नर्सरीसमोरच्या दुकानात फोन आला. मक्केहून. मी धापा टाकत पोचले. मागं समुद्राच्या लाटांसारखा माणसांचा आवाज येत होता.

"कोकण! बोट घाल्तीस न्हवं?"

"घालते भाभी, घालते! रोज घालते!"

"आया बऱ्या हायत?"

"एकदम मस्त आहेत! गुऱ्हाळात ठेवल्यात!"

"कुठं?"

"गुऱ्हाळात!"

"काय क..."

आणि फोन तुटला. मी रिसीव्हर धरून तशीच उभी. नंतर पुन्हा फोन आलाच नाही. त्या काय म्हणणार होत्या, हा किडा माझ्या डोक्यात त्यांच्या येईपर्यंत वळवळत राहिला.

खरं तर त्या काय म्हणणार होत्या ते मला दोनच दिवसांत कळायला हवं होतं. पानं फार चकाकायला लागली. मी खूश. कुणी विचारलं तर सांगायची, बघा कसं तेज आलंय! मग एका पानाला हात लावला तर बोटं चिकटली. वाफेबरोबर गुळाचा अंश येऊन पानावर बसत होता. पानाच्या मागं बघते तर मुंग्यांची रांग. कुंडीत रांग. भिंतीवरून, दारातून, चुलीपासून सगळीकडून रांगा, माझ्या आयांकडे जत्रा निघाल्यासारख्या. आणि जुन्या आईच्या पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस.

तो कापूस नव्हे. त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात. झाडाचा रस शोषणारा पांढरा किडा. मुंग्या त्याला गाईसारखं पाळतात, ह्या झाडावरून त्या झाडावर उचलून नेतात, कारण तो गोड पाझरतो. एकाला लागला की ओळीतल्या सगळ्यांना लागणार. औषध फवारावं तर काईलीत खायचा गूळ. बाहेर नेऊन धुवावं तर गार वारं. मी तात्यांच्या गूळ ओतायच्या जागेवर बसून हुंदके द्यायला लागले. तात्या बिचारे घाबरून मला गरम काकवी द्यायला लागले. ती मी हातानं लांब सारली. त्या दिवशी गोड बघवत नव्हतं.

संध्याकाळी घरी गेले, चहा ठेवायला वळले, आणि माझी नजर आमच्या जाळीच्या कपाटावर पडली. दुधातुपाचं कपाट. त्याचे चारही पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले, मुंग्या चढू नयेत म्हणून. माझ्या आईनं शिकवलेलं! गॅस तसाच बंद करून मी तात्यांच्या घरी पळाले. "तात्या, गळणारी जुनी काईल आहे का हो तुमच्याकडे?"

होती. मागं उलटी टाकलेली, भोकं पडलेली. सकाळी ह्यांनी फौंड्रीतला एक सोबती आणून भोकं बुजवली. काईल गुऱ्हाळाच्या कोपऱ्यात मांडली, गुडघाभर पाणी भरलं, आत विटांचे ओटे रचले आणि त्या ओट्यांवर आया. चारी बाजूंनी पाणी. तळं आणि तळ्यात बेट. मुंग्या काठावर येऊन थांबल्या. खालून पाण्याची वाफ झाडांना मिळायला लागली, हा वरचा फायदा.

पण पिठ्या उरलाच होता. तो हातानं पुसायचा. प्रत्येक पान, प्रत्येक बेचकं, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं. गरम पाण्याला तिथं काय तोटा? तोटा हातांचा. मी, कुंड्या भरायला येणाऱ्या दोघी बायका, आणि शेकड्यांनी पानं.

वस्तादांनी तालीम बंद ठेवली. सगळी पोरं गुऱ्हाळात. मोडक्या कानांचे, मांड्यांचे खांब असलेले ते पैलवान काईलीभोवती उकिडवे बसले, एकेकाच्या हातात कापसाचा बोळा. मी जीव मुठीत धरून होते. हे हात माणूस उचलून आपटणारे! पण पैलवानाचा हात मालिश करून करून मऊ झालेला असतो, हे मला तेव्हा कळलं. अंगठ्याखाली पान धरून, देठाकडून टोकाकडे, एकदाच, असं ते पुसायचे की पान हलायचंसुद्धा नाही.

"ए, जोरात न्हाय!" वस्ताद मागं हात बांधून फिरत होते. "पान हाय, प्रतिस्पर्ध्याचा कान न्हवं!"

"वस्ताद, हितं एक लपलाय."

"पट काढ त्येचा."

"काढला. चितपट!"

सगळं गुऱ्हाळ हसलं. गुळव्या ढवळता ढवळता हसला. मी हसले, आणि हसता हसता पुन्हा डोळे पुसले. एक पैलवान घाबरून म्हणाला, "ताई, माझ्याकडनं काय मोडलं का?"

प्लॅस्टिक आलं. शेड बांधली. आया घरी गेल्या. मी रोज दोन वेळा पानं उलटून बघायची. पिठ्या नव्हता. मात्र सगळ्या वाचल्या असं म्हणता येत नाही. सगळ्यांत जुनी, गोव्याहून मांडीवरून आलेली आई, तिचा गाभा मऊ पडला. तिला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त लागलं होतं. वारं, मग किडा. तिचं वय झालं होतं असं सगळे म्हणाले. मी ऐकून घेतलं. जायच्या आधी तिच्या बुडाशी एक पिल्लू होतं, अंगठ्याएवढं, ते अलगद सोडवून नारळाच्या काथ्यात लावलं होतं. मोठी गेली. तिची जागा मी रिकामीच ठेवली. तिथं दुसरी कुंडी सरकवायला हात धजेना.

संक्रांत होऊन गेल्यावर भाभी आल्या. दारात जीप थांबली, नातेवाईक हार घेऊन उभे. भाभी हार चुकवून तशाच शेडकडे निघाल्या. मी आत उभी होते.

त्या पहिल्या कुंडीशी गेल्या. बोट घातलं. दुसऱ्या. बोट. तिसऱ्या. पान उलटून बघितलं, वास घेतला. "गूळ," म्हणाल्या. मग रिकाम्या जागेशी येऊन थांबल्या.

मी सगळं सांगितलं. प्लॅस्टिक, गुऱ्हाळ, मुंग्या, काईल, पैलवान. सांगताना मध्येच माझा आवाज चढला, कारण पैलवानांचं सांगायला लागलं की मला राहवत नाही, मग जुनीचं सांगताना बसला. पिल्लाची कुंडी पुढं केली. त्याला एक गुंडाळलेलं पान फुटत होतं. पोपटी, नखाएवढं.

"फोनवर काय म्हणत होतात भाभी?" मी विचारलं. "फोन कट झाला तेव्हा?"

"म्हणत होतो, काय कमाल हाय पोरीची." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आणि म्हणणार होतो, मुंग्या बग."

पिशवीतून त्यांनी छोटी बाटली काढली. जमजमचं पाणी. हाजी ते आणतात आणि थेंबथेंब सगळ्यांना वाटतात. त्याहून पवित्र त्यांच्याकडे दुसरं काही नाही. टोपणात त्यांनी थोडं ओतलं आणि पिल्लाच्या कुंडीवर हात नेला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "भाभी, थंडी आहे."

निघून गेलं आणि मी जीभ चावली. दारात सगळे नातेवाईक. चाचा. भाभींनी टोपण तसंच धरून दुसऱ्या हाताचं बोट कुंडीत घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत.

"ओली हाय की," त्या म्हणाल्या.

मग टोपण माझ्याकडे वळलं. "तू पी. असं न्हाय, मावळतीकडं तोंड कर. मक्का तिकडं हाय."

मी मावळतीकडे वळले. शेडच्या त्या बाजूला प्लॅस्टिक नव्हतं, गरजच नसते, तिकडून गार वारं येत नाही. उसाच्या तुऱ्यांवरून सरळ दिसत होतं, जिकडं घाट आहे, घाटाखाली माझं गाव आहे आणि त्याच्यापुढं समुद्र.

"तोंड उघड, कोकण," भाभी म्हणाल्या.